एका दिवसात फिलाडेल्फिया: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात न्यू जर्सीला मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांविषयी लिहिताना मी ओघात म्हटलं होतं, की न्यूयॉर्क बघून झालं असेल तर एक दिवस फिलाडेल्फियासाठी काढा. त्यावर इतकी पत्रं आली की हा सबंध अंक त्यांनाच दिला आहे. मी या शहराच्या कडेला एकतीस वर्षं राहते. त्यातली सव्वीस इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेली. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी जुन्या भागात घेऊन गेले आहे, कधी गाइड करून, कधी एकटीने. त्या अनुभवातून लिहिते.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं ६८ आणि ६४ वर्षांचे. मुलगा एडिसनला असतो. मुलगा-सून नोकरीत, त्यामुळे मधल्या वारी आम्हाला दोघांनाच जावं लागेल. एका कंपनीची बस सकाळी आठला नेते, रात्री आठला सोडते आणि फिलाडेल्फियातली बावीस ठिकाणं दाखवते. घ्यावी का? मंडळींचे गुडघे दुखतात. (एक वाचक, सातारा)

बस घेऊ नका.

१९९८ साली माझे आईवडील आले तेव्हा मी नवखी होते, सुट्टी मिळत नव्हती, म्हणून त्यांना अशाच एका बसमध्ये बसवून दिलं. बाबा वाईच्या शाळेत इतिहास शिकवायचे. संध्याकाळी त्यांना घ्यायला गेले, तर ते गप्प होते. जेवताना म्हणाले, "तीस वर्षं मुलांना फळ्यावर १७७६ लिहून दिलं. आज ती इमारत आली आणि बसच्या काचेतून गेली." लिबर्टी बेल या प्रसिद्ध घंटेपाशी त्यांना दहा मिनिटं मिळाली होती आणि त्यातली सात रांगेत गेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात रजा टाकून त्यांना पुन्हा नेलं आणि तेव्हापासून माझा दिवस ठरला आहे. तोच तुम्हाला सांगते.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा इतिहास ज्या जागेत घडला ती फार लहान आहे. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला तो इंडिपेंडन्स हॉल, घंटा, राष्ट्राध्यक्षांच्या घराची जागा आणि थॉमस जेफरसनने तो जाहीरनामा लिहिला तो कोपरा, हे सगळं चार-पाच चौकांत आहे. सज्जनगड चढणाऱ्या माणसाला हे अंतर काहीच नाही, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना जागोजागी बाकं आहेत.

एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीने ट्रेंटनला या, तिथे सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाच्या स्थानिक रेल्वेची, गाडी बदला आणि जेफरसन स्टेशनला उतरा. दोन-सव्वादोन तास धरा. तिथून पायी निघालात तर पाच चौक पूर्वेला. गुडघ्यांसाठी भुयारी गाडी घेतली तर अकराव्या रस्त्यावर बसून पाचव्या रस्त्यावर उतरायचं. उत्तर-दक्षिण रस्त्यांना आकडे आहेत आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन अशी झाडांची नावं. १६८२ साली विल्यम पेनने शहर वसवलं तेव्हाच ही चौकटीची आखणी झाली. म्हणून इथे कोणी हरवत नाही.

पहिलं काम व्हिजिटर सेंटरचं. तिथलं स्वच्छतागृह वापरून घ्या, कारण पुढे इंडिपेंडन्स हॉलच्या आत ती सोय नाही. हॉलसाठी वेळेचं तिकीट लागतं. ते मोफत असतं, ऑनलाइन आधी राखून ठेवलं तर किरकोळ शुल्क पडतं. मुलाला आठवडाभर आधी राखायला सांगा. २०२६ हे जाहीरनाम्याचं अडीचशेवं वर्ष आहे, गर्दी होणार. मोठी पिशवी नेऊ नका, तपासणीत वेळ जातो.

हॉलमध्ये तुम्हाला नेणारा माणूस राष्ट्रीय उद्यान सेवेचा रेंजर असतो. राखाडी-हिरवा गणवेश, सपाट कडेची टोपी. माझ्या मते या शहरातला सगळ्यांत चांगला गाइड तोच, आणि त्याला पैसे द्यायचे नाहीत. साधारण अर्धा तास तो बोलतो. आधी न्यायालयाची खोली दाखवतो. तिथलं इंग्लंडच्या राजाचं राजचिन्ह ८ जुलै १७७६ रोजी लोकांनी उतरवून जाळलं. त्याच दिवशी मागच्या अंगणात जाहीरनामा लोकांना पहिल्यांदा मोठ्याने वाचून दाखवला होता. चार जुलैला तो आत, बंद दाराआड मंजूर झाला. सामान्य माणसाच्या कानावर तो आठ तारखेला पडला. बाबांना ही तारीख माहीत नव्हती. त्यांनी रेंजरला दोनदा विचारून खात्री केली आणि वहीत लिहून घेतली.

मग सभागृह. हिरव्या कापडाची टेबलं, त्यांवर पिसांच्या लेखण्या. बरंचसं सामान त्या काळातलं आहे पण त्याच खोलीतलं नाही. समोरची उंच पाठीची खुर्ची मात्र अस्सल आहे. १७८७ साली याच खोलीत राज्यघटना बनत होती तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष म्हणून त्या खुर्चीत बसत. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरला आहे. ८१ वर्षांचा प्रतिनिधी बेंजामिन फ्रँकलिन चार महिने त्या सूर्याकडे बघत होता आणि तो उगवतीचा की मावळतीचा हे त्याला ठरवता येत नव्हतं. सह्या झाल्या त्या दिवशी तो म्हणाला, की हा उगवता सूर्य आहे हे आता मला कळलं. बाबा त्या कठड्याला धरून उभे राहिले. पुढचा गट आला तरी हलेनात. रेंजरने त्यांना राहू दिलं.

तिथून रस्ता ओलांडला की घंटा. तिकीट नाही, तपासणी आहे. आत शिरल्यावर लोक सरळ घंटेकडे धावतात, तुम्ही भिंतीवरचं वाचत वाचत जा. १७५२ साली लंडनहून ती आली आणि चाचणीच्या पहिल्याच टोल्याला फुटली. इथल्या पास आणि स्टो या दोघांनी ती वितळवून पुन्हा ओतली, आवाज आवडला नाही म्हणून १७५३ मध्ये आणखी एकदा ओतली. वजन सुमारे ९४३ किलो. आपण जी रुंद भेग बघतो ती खरं म्हणजे दुरुस्ती आहे. बारीक तडा वाढू नये म्हणून कारागिरांनी त्याच्या दोन्ही कडा कानसून मुद्दाम रुंद केल्या. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जन्मदिनी ती वाजवली तेव्हा तडा वर सरकला आणि घंटा कायमची मुकी झाली. ती बारीक रेघ नीट बघितली की दिसते.

तिच्यावर बायबलमधलं वचन आहे: साऱ्या देशात, तिथल्या सर्व रहिवाशांना मुक्तीची द्वाही फिरवा. त्यातला 'सर्व' हा शब्द कोणी मनावर घेतला? पाऊणशे-ऐंशी वर्षं ही नुसती सरकारी इमारतीची घंटा होती. १८३०च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लोकांनी ते वचन वाचलं आणि तिला 'लिबर्टी बेल' म्हणायला सुरुवात केली. आज सगळं जग ज्या नावाने तिला ओळखतं, ते गुलामांच्या सुटकेसाठी झगडणाऱ्यांनी दिलेलं आहे.

आता बाहेर या आणि दारातच थांबा. इथेच माझा दिवस सुरू होतो असं मी पाहुण्यांना सांगते. १७९० ते १८०० फिलाडेल्फिया देशाची राजधानी होती आणि राष्ट्राध्यक्षांचं घर इथे होतं, सहावा रस्ता आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. ते घर पुढे पाडलं गेलं. २०१० पासून तिथे विटांच्या अर्ध्या भिंती, दारं-खिडक्यांच्या चौकटी आणि काचेखाली जुना पाया, असं उघडं स्मारक उभं आहे. वॉशिंग्टनने या घरात नऊ गुलाम ठेवले होते. त्यांची नावं दगडात कोरली आहेत. घोड्यांची देखभाल करणारे गुलाम जिथे झोपत ती जागा आज घंटेच्या इमारतीत शिरण्याच्या वाटेवर येते.

त्यांतली एक ओना जज. मार्था वॉशिंग्टनची खास दासी, वय बावीसच्या आसपास. पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा असा होता, की बाहेरच्या मालकाने आणलेला गुलाम सलग सहा महिने इथे राहिला तर तो सुटका मागू शकतो. म्हणून सहा महिने भरण्याआधी या माणसांना राज्याबाहेर नेऊन परत आणलं जाई, मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी म्हणून. मे १७९६ मध्ये घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ओना या दारातून बाहेर पडली. जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टनने तिला परत आणण्याचे प्रयत्न केले, ती गेली नाही. १८४८ मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने ती गुलामच होती.

दोन तासांचा पायी फिरवणारा गाइड करायचा असेल तर जरूर करा, पण आधी एकच प्रश्न विचारा: राष्ट्राध्यक्षांच्या घरापाशी किती वेळ थांबणार? "तिथे बघण्यासारखं काही नाही" म्हणाला, तर दुसरा बघा. मला असाच एक भेटला होता. फ्रँकलिनच्या विजेच्या प्रयोगातल्या पतंगावर पंधरा मिनिटं बोलला आणि या भिंतींवरून पाय न थांबवता आम्हाला घेऊन गेला. माझी भाची त्या वेळी चौदा वर्षांची होती. तिने काचेखालचा पाया बघितला आणि "हे कोणाचं घर?" असं विचारलं. उत्तर मला द्यावं लागलं.

जेवणानंतर एकच गोष्ट करा. मंडळी चालू शकत असतील तर एल्फ्रेथ्स अ‍ॅली. बत्तीस घरांची अरुंद गल्ली, घरं १७२८ ते १८३६ या काळातली, आणि लोक अजून त्यांत राहतात. पण रस्ता गोट्यांचा आहे, बूट घालूनच जा, काठी असेल तर कडेच्या विटांवरून चाला. जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींवर धातूच्या लहान पाट्या दिसतील. एकीवर चार हात एकमेकांची मनगटं धरून आहेत. फ्रँकलिनने १७५२ मध्ये सुरू केलेल्या आगीच्या विमा संस्थेची ती खूण. घरापुढे झाड असेल तर आग पसरते, म्हणून पुढे त्या संस्थेने अशा घरांचा विमा बंद केला. तेव्हा १७८४ साली दुसरी संस्था निघाली, तिने झाडवाल्यांचा विमा घेतला आणि पाटीवर झाडच काढलं.

गुडघे थकले असतील तर गल्ली सोडा आणि वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये जाऊन बसा. हॉलच्या पलीकडच्या कोपऱ्यावरच आहे. मोठी झाडं, कारंजं, सावली. स्वातंत्र्ययुद्धातले अनाम सैनिक या गवताखाली पुरले आहेत, एक ज्योत सतत तेवत असते. १७९३ च्या पीतज्वरात गेलेलेही इथेच आहेत. त्या साथीत सुमारे पन्नास हजारांच्या शहरात पाच हजारांच्या आसपास माणसं मेली. काळ्या लोकांना हा ताप होत नाही, अशी डॉक्टर बेंजामिन रश यांची समजूत होती. ती चुकीची होती. रिचर्ड अ‍ॅलन आणि अ‍ॅब्सलम जोन्स या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांच्या मागून मुक्त कृष्णवर्णीय लोक घराघरांत शिरले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, प्रेतं उचलली, आणि त्यांतले कित्येक गेले. करोनाच्या दिवसांत रात्रपाळी संपवून मी अनेकदा या बागेत येऊन बसले आहे.

चारच्या आत परतीची गाडी पकडा, त्यानंतर गर्दी होते.

प्रश्न : आमच्या गाइडने बेट्सी रॉसचं घर दाखवून "हिने अमेरिकेचा पहिला झेंडा शिवला" असं सांगितलं. भाचा म्हणतो, ही थाप आहे. खरं काय? (एक वाचक, डोंबिवली)

भाच्याचं अर्धं बरोबर. वॉशिंग्टन तिच्या दुकानात आले आणि तिने झेंडा शिवून दिला, ही गोष्ट १८७० साली तिच्या नातवाने, विल्यम कॅनबीने, पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली. म्हणजे घटनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, घरात ऐकलेल्या आठवणीवरून. त्या काळचा लेखी पुरावा नाही. उलट फ्रान्सिस हॉपकिन्सन या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या गृहस्थाने १७८० मध्ये झेंड्याच्या रचनेचा मोबदला सरकारकडे मागितला होता.

पण म्हणून ती बाई खोटी ठरत नाही. एलिझाबेथ, म्हणजेच बेट्सी, रॉस खरीच होती. खुर्च्या-पलंगांच्या गाद्या, पडदे शिवणारी कारागीर. क्वेकर पंथाबाहेर लग्न केलं म्हणून पंथाने तिला दूर केलं. तीन नवरे गेले. मे १७७७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या आरमारासाठी झेंडे शिवल्याबद्दल तिला पैसे दिल्याची नोंद आहे, आणि नंतरही अनेक वर्षं ती झेंडे शिवत राहिली. युद्धाच्या धामधुमीत सुईदोऱ्यावर घर चालवणारी विधवा. माझ्या आईला हे घर सगळ्यांत आवडलं. ती स्वतः घरी शिवणकाम करायची. तिथल्या कामाच्या टेबलापाशी उभं राहून "कापड कशावर बेतत असतील?" याचाच विचार करत होती.

प्रश्न : नऊ वर्षांचा नातू बरोबर असेल. इतक्या इतिहासाने कंटाळणार नाही का? (एक आजी, नाशिक)

सभागृहात कंटाळेल, तो अर्धा तास त्याला सांभाळा. बाकी दिवस त्याचा आहे. रेंजरकडून ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागून घ्या. ती भरून दिली की बिल्ला मिळतो आणि हात वर करून शपथ घ्यायला लावतात. मुलं ते फार मनावर घेतात. सोमवार ते शुक्रवार असेल तर पाचव्या रस्त्यावर अमेरिकेची टांकसाळ आहे, प्रवेश मोफत. उंचावरच्या काचेतून खाली नाणी पडताना दिसतात. आधी त्याच्या हातात एक क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, द्या आणि त्यावरचं बारीक 'पी' अक्षर शोधायला सांगा. ते असलं तर नाणं याच इमारतीत पडलेलं आहे.

आणि फ्रँकलिन कोर्टला न्याच. फ्रँकलिनचं घर १८१२ मध्ये पाडलं. ते कसं दिसत होतं याची पुरेशी माहिती नव्हती, म्हणून १९७६ मध्ये वास्तुकारांनी अंदाजाने घर बांधण्याऐवजी नुसती पोलादी चौकट उभी केली, हवेत काढलेल्या चित्रासारखी. खालच्या काचेतून जुन्या संडासाचे खड्डे दिसतात. ते बघून मुलं हमखास थांबतात.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी आहोत. दुपारी काय खावं? आणि गाइडला किती द्यायचे, याचा नेहमी घोळ होतो. (एक जोडपं, पुणे)

रीडिंग टर्मिनल मार्केट. १८९३ पासून जुन्या रेल्वे स्टेशनच्या फलाटाखाली भरणारा बाजार, जेफरसन स्टेशनला लागूनच. पेनसिल्व्हेनिया डच (नावाने डच, पण मूळचे जर्मन) लोकांचे लोणी लावलेले गरम प्रेट्झेल, भाज्या, फळं, पाव, आणि १८६१ पासूनचं बॅसेट्सचं आइस्क्रीम. एक धोका सांगते. या शहराचा प्रसिद्ध चीजस्टेक म्हणजे पावात भरलेलं गोमांस. नावातल्या चीजवर जाऊन माझ्या एका मावशींनी मागवला होता आणि पहिला घास घेतल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाजीचं सूप घेतानाही ते कोंबडीच्या पाण्यात केलंय का, हे विचारा. रविवारी डच मंडळींची दुकानं बंद असतात. बारानंतर बसायला जागा मिळत नाही, साडेअकरालाच जा.

पैशांचं असं: रेंजरला काही देऊ नका, तो सरकारी नोकर आहे आणि घेऊ शकत नाही. त्याचे मनापासून आभार माना. तिकीट काढून घेतलेल्या गाइडला तिकिटाच्या पंधरा ते वीस टक्के. 'मोफत' फेरी असते तिथे गाइडचं पोट त्या बक्षिसीवरच असतं. मी माणशी दहा-पंधरा डॉलर देते. दोन तास उन्हात उभं राहून बोलणाऱ्याला नुसती टाळी वाजवून निघून जाणारी आपली माणसं मी पाहिली आहेत आणि मला वाईट वाटलं आहे.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका आहे. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात शिकल्या. ती जागा बघता येते का? एकाही टूरच्या यादीत त्यांचं नाव नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

या पत्राची मी किती वर्षं वाट बघत होते!

आनंदीबाई १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना घरी ठेवून घेतलं आणि त्या शरद ऋतूत त्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये दाखल झाल्या. वय अठरा. हे कॉलेज १८५० साली स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठीच निघालं होतं. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने आनंदीबाई गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

त्या शिकत होत्या तेव्हा कॉलेज शहराच्या उत्तरेला, नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर, गिरार्ड कॉलेजच्या शेजारी होतं. १९३० मध्ये ते तिथून ईस्ट फॉल्स भागात हललं, १९७० मध्ये मुलग्यांना प्रवेश मिळू लागला आणि नाव बदललं, पुढे विलीनीकरणं होत होत आज ते ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग आहे. त्यामुळे एका दिवसाच्या सहलीत जुन्या पत्त्यावर जा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तिथे आता कॉलेज नाही, आणि तो भाग आपल्या चार चौकांपासून लांब पडतो. जुने कागद ड्रेक्सेलच्या संग्रहात आहेत. आधी लिहून वेळ ठरवली तर अभ्यासकांना बघू देतात. ऑक्टोबर १८८५ मधलं ते प्रसिद्ध छायाचित्र तिथलंच: साडीत आनंदीबाई, किमोनोत जपानच्या केई ओकामी, आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी एकाच कॉलेजच्या विद्यार्थिनी.

पण त्यांना भेटण्याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती या सहलीतच बसते. मार्केट स्ट्रीट आणि सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जा. इथल्या घरात भाड्याच्या दोन खोल्या घेऊन जून १७७६ मध्ये जेफरसनने जाहीरनामा लिहिला. सर्व माणसं समान जन्मतात, हे वाक्य तिथे लिहिलं गेलं आणि त्या वेळी त्याच्या तैनातीला चौदा वर्षांचा रॉबर्ट हेमिंग्ज होता, त्याचा गुलाम. आज दिसतं ते घर १९७५ मध्ये पुन्हा बांधलेलं. मूळ घर पाडलं ते १८८३ साली. म्हणजे एकीकडे या शहराने जाहीरनाम्याचं घर पाडलं आणि त्याच वर्षी कल्याणच्या घराण्यातली ही मुलगी इथे आली. आपला १५ ऑगस्ट अजून चौसष्ट वर्षं दूर होता. ती गुलाम देशातून आली होती, आणि तिच्या स्वतःच्या समाजात तिने शिकायला समुद्र ओलांडणं हा अपराध होता.

प्रयोगशाळेत माझ्या टेबलासमोर मी ते तिघींचं छायाचित्र लावलं होतं. थंडीत, नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसून, मांसाहार न करता तिने तीन हिवाळे इथे काढले. माझ्या पहिल्या हिवाळ्यात कोट, हीटर, डबा सगळं असताना मी रडत होते, तेव्हा मला तिचा फार आधार वाटला.

त्यांचं खरं दर्शन घ्यायचं असेल तर एक वेगळा दिवस काढा. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली होती आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. दगडावर नाव आहे आनंदीबाई जोशी, एम. डी., आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी ओळख. मॅनहॅटनच्या ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थच्या हडसन मार्गाने पोकिप्सी दोन तासांवर आहे. गाडीत डाव्या बाजूला बसा, बहुतेक वेळ हडसन नदी दिसते. स्टेशनपासून टॅक्सी करा. पोकिप्सी रूरल सिमेट्री मोठी आहे, आधी कार्यालयात जाऊन जागा विचारा, नकाशावर खूण करून देतात. दगड साधा आहे, वाकून वाचावा लागतो.